स्वाराने आधी सलाम करावा

पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून सायकल मार्गांच्या बातम्या येतात. सायकलींसाठी वेगळी पट्टी, चालणाऱ्यांसाठी वेगळा पदपथ, जमिनीवर रंगवलेल्या खुणा. आपल्या बीड जिल्ह्यातल्या बहुतेक गावांनी असा रस्ता पाहिलेला नाही. आपल्याकडे पायी चालणारा आणि सायकलवाला या दोघांच्या वाट्याला एकच जागा येते. डांबर जिथे संपते तिथून बाभळीची झुडपे सुरू होतात तिथपर्यंतची हात-दोन हात रुंदीची साईडपट्टी. हाच आपला पदपथ आणि हाच आपला सायकल मार्ग.

या साईडपट्टीवर दिवसभरात कोण कोण असते ते पाहा. पहाटे अंधारात फज्रच्या नमाजला निघालेले बुजुर्ग. साखरेच्या आजारामुळे डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या अम्मी आणि खाला. दूध घेऊन जाणारा. सातच्या सुमारास मदरशात जाणारी लहान मुले. नऊनंतर शाळेच्या मुली, काही पायी, काही सायकलवर, एकीच्या मागे दुसरी बसलेली. दुपारी शेतातून परतणाऱ्या बाया, डोक्यावर गवताचा भारा. संध्याकाळी पुन्हा शाळा सुटते, बाजार उठतो, मगरिबची अजान होते. आणि हंगाम असेल तर या सगळ्यांना घासून उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जात असतात.

एवढ्या माणसांना पुरेल असा रस्ता कधी होईल तेव्हा होईल. आज आहे त्याच पट्टीवरून आपली माणसे सुखरूप घरी कशी येतील, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे. या लेखात त्याच प्रश्नाकडे पाहू.

पणाला काय लागले आहे?

सन २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, असे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळपास एक जण असा, ज्याच्याकडे ना गाडी होती ना वेग. सायकलस्वारांचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. तो कमी वाटतो, पण त्यांत शाळकरी मुले आणि रोजंदारीवर जाणारी माणसे किती असतील याचा विचार केला की तो आकडा लहान राहत नाही.

आम्ही शिक्षक असल्यामुळे आम्हाला आणखी एक नुकसान दिसते. ते कोणत्याही अपघाताच्या नोंदीत येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. आठवीनंतर मात्र या कायद्यात अंतराची हमी नाही. कितीतरी गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहे. पुढे शिकायचे तर शेजारच्या मोठ्या गावी किंवा तालुक्याला जावे लागते. नेमक्या याच वयात मुलीचा रस्ता लांबतो आणि घरच्यांची भीती वाढते. महामार्गावरून जायचे, ट्रक असतात, ट्रॅक्टर असतात, रस्त्यावर काही झाले तर? मग कोणी भांडत नाही, रागावत नाही. फक्त एके दिवशी ठरते की आता घरीच राहू दे. सायकल भिंतीला टेकून उभी राहते आणि हजेरीपटावर त्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात.

सायकल मुलीचे आयुष्य किती बदलू शकते याचा चांगला पुरावा बिहारमध्ये आहे. तिथल्या सरकारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत त्या वयाच्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. पण सायकल सरकार देते, रस्त्यावरचा आदर मात्र समाजालाच द्यावा लागतो. रस्ता सुरक्षित नसेल तर मिळालेली सायकलही घरीच राहते.

रस्त्याचा हक

रस्त्यावरच्या वागणुकीचे नियम म्हटले की आपल्याला पोलिसांचे चलन आठवते. खरे तर आपल्या दीनमध्ये रस्त्याला हक दिलेला आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे, ज्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यावर बसणाऱ्यांना रस्त्याचा हक अदा करायला सांगितले आणि तो हक कोणता हे विचारल्यावर नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्याचा आग्रह धरणे आणि वाईटापासून रोखणे या गोष्टी सांगितल्या. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग असल्याचेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

याच संग्रहांत सलामच्या रीतीबद्दल एक हदीस आहे. स्वारीवर असलेल्याने पायी चालणाऱ्याला सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला करावा आणि थोड्यांनी जास्तांना करावा, असा तिचा आशय आहे. स्वाराने आधी सलाम का करायचा? उलमांनी याचे एक कारण असे सांगितले आहे की, उंचावर बसलेल्याच्या मनात गर्व येऊ नये. आज घोडे आणि उंट गेले. त्यांच्या जागी मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर आला. स्वारी बदलली तरी माणूस तोच आहे. हातात वेग आला की पायी चालणारा आपल्याला अडथळा वाटू लागतो आणि हॉर्न हाच आपला सलाम होतो.

या शिकवणीचा रस्त्यापुरता अर्थ अगदी सरळ आहे. ज्याच्याकडे वेग आणि वजन जास्त, त्याने आधी नमते घ्यायचे. ट्रकने जीपला, जीपने मोटारसायकलला, मोटारसायकलने सायकलला आणि सायकलने पायी चालणाऱ्याला सांभाळायचे. ब्रिटनने २९ जानेवारी २०२२ पासून आपल्या वाहतूक नियमावलीत हेच तत्त्व स्पष्ट शब्दांत घातले. ज्याच्या हातून इतरांना जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर जबाबदारीही जास्त. आपल्याला ते नव्याने शिकायचे नाही, फक्त पाळायचे आहे.

आता एकेकाकडे वळू.

पायी चालणाऱ्यांसाठी : उजवी बाजू

पदपथ असेल तर पदपथावरूनच चालावे. जिथे पदपथ नाही तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या घरांत माहीत आहे. "डावीकडून चाला" हे वाक्य वाहनांसाठी आहे, पण ते आपण पायी चालणाऱ्यांनाही शिकवून ठेवले आहे. डावीकडून चालणाऱ्याच्या पाठीमागून गाडी येते. ती किती जवळ आली, झोकांड्या खात येते का, हे त्याला कळत नाही. उजवीकडून चालणाऱ्याला समोरची गाडी दिसते आणि वेळेवर खाली मातीत उतरता येते.

याचा दुसरा फायदा सायकलवाल्यांना होतो. सायकल डाव्या कडेने जाते. चालणारे उजव्या कडेने गेले की एका दिशेला जाणारे चालणारे आणि सायकलवाले आपोआप दोन कडांना वाटले जातात. समोरून सायकल आलीच, तर दोघांचीही नजरानजर होते. मागून अचानक घंटी वाजली की माणूस दचकून नेमका सायकलीच्याच वाटेत सरकतो, तसे होत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटासारख्या ठिकाणी रस्ता उजवीकडे वळत असेल आणि पुढचे दिसत नसेल, तर त्या वळणापुरते बाहेरच्या बाजूला जावे. नाहीतर वळण घेणाऱ्या गाडीला आपण अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. रस्ता ओलांडायचा तो वळणाच्या अलीकडे, जिथून दोन्ही बाजूंना लांबवर दिसते तिथे.

चौघी-पाचजणी बोलत निघाल्या की आडवी रांग होते. रहदारीच्या रस्त्यावर एकामागे एक किंवा फार तर दोघींनी चालावे आणि लहान मुलाला रस्त्याच्या बाजूला न ठेवता मातीच्या बाजूला ठेवावे. कानात इअरफोन लावून चालू नये. सकाळी चालायला जाताना जिक्र करायचे असेल तर ते जिभेवर असावे, तिलावत मोबाईलवर ऐकायची असेल तर ती घरी बसून ऐकावी. रस्त्यावर कान मोकळे हवेत.

अंधाराचा मुद्दा आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. हिवाळ्यात फज्रच्या जमातीला जाताना आणि इशाहून परतताना अंधार असतो. काळा बुरखा, काळी शेरवानी, गडद शाल हे कपडे गाडीच्या दिव्यात फार उशिरा दिसतात. बुरखा बदलायची गरज नाही. हातातल्या पिशवीला, काठीला किंवा चपलेच्या टाचेला चमकणारी पट्टी चिकटवावी. रेडियमचे स्टिकर बनवणाऱ्या दुकानात ती सहज मिळते. घरातल्या बुजुर्गांच्या हातात छोटी बॅटरी द्यावी आणि तिचा झोत जमिनीकडे राहील असे सांगावे. मोटारसायकल ताशी ६० च्या वेगाने येत असेल तर ती एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे येते. चालवणाऱ्याने आपल्याला पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत हा एक सेकंद गेलेला असतो. आपण जितक्या लांबून दिसू, तितके असे सेकंद आपल्या हाती येतात.

सायकलवाल्यांसाठी : घंटी, ब्रेक आणि ओढणी

सायकल नेहमी डाव्या कडेने, वाहतुकीच्याच दिशेने चालवावी. शाळा उजव्या हाताला आहे म्हणून उलट्या दिशेने जाण्याची सवय मुलांना लवकर लागते. ती पहिल्याच दिवशी मोडावी.

चालणाऱ्याला मागे टाकताना तीन गोष्टी. लांबून घंटी वाजवावी, अगदी पाठीशी आल्यावर वाजवू नये. वेग कमी करावा. आणि त्याच्या उजव्या बाजूने, हातभर अंतर ठेवून जावे. पण उजवीकडे सरकण्याआधी मागे वळून पाहावे. मागून गाडी येत असेल तर पाय टेकवून थांबावे, गाडी जाऊ द्यावी, मग पुढे जावे. यात दहा सेकंद जातात. साधारण वेगातली सायकलही सेकंदाला चार मीटर जाते. म्हातारी दादी त्या वेगाने आलेल्या सायकलीच्या धक्क्याने पडली आणि खुब्याचे हाड मोडले तर ती पुन्हा चालेल की नाही सांगता येत नाही. पायी चालणाऱ्यासमोर सायकलवाला हा स्वार आहे, हे मुलांना समजावून सांगावे. "अस्सलामु अलैकुम, दादी, बाजूने जातो," एवढे म्हटले तरी घंटीपेक्षा ते बरे काम करते.

सायकल रस्त्यावर आणण्याआधी घरच्या मोठ्यांनी ती तपासावी. दोन्ही ब्रेक लागतात का? घंटी वाजते का? मागे लाल, पुढे पांढरे आणि पॅडलवर पिवळे चमकणारे तुकडे शाबूत आहेत का? नसतील तर मागच्या मडगार्डवर लाल आणि पुढे पांढरी रेडियमची पट्टी लावावी. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात का? पुढे वाढेल म्हणून मोठी सायकल घेण्याची आपली रीत आहे, पण ज्या सायकलवरून पाय टेकत नाही ती मुलीला गर्दीत थांबवता येत नाही.

मुलींच्या बाबतीत कपड्यांचा विचार वेगळा करावा लागतो. ओढणी, बुरख्याचे टोक किंवा सलवारची मोहरी चाकात अथवा चेनमध्ये अडकली की सायकल जागीच थांबते आणि मुलगी डोक्यावर पडते. चेनवर झाकण आणि मागच्या चाकाला जाळी असलेलीच सायकल घ्यावी. जुनी असेल तर सायकलच्या दुकानातून ती बसवून घ्यावी. ओढणी पाठीमागे सोडू नये. ती पुढे घेऊन पिनने पक्की करावी किंवा दप्तराच्या पट्ट्याखाली दाबावी. चेहऱ्यावरचा नकाब दोन्ही बाजूंचे दिसणे अडवत नाही ना, हे पाहावे. पडदा आणि सायकल यांत भांडण नाही. थोडी तयारी लागते, एवढेच. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या बायांसाठीही हेच. गाडीला साडीगार्ड असतो तो शोभेसाठी काढून टाकू नये.

ऊस हंगामाबद्दल वेगळे सांगायला हवे. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप सुरू झाले की माजलगाव, गेवराई, परळी या भागांत ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या रात्रंदिवस फिरतात. ट्रॅक्टर वळतो तेव्हा मागची ट्रॉली त्याच्याच वाटेने जात नाही, ती वळणाच्या आतल्या बाजूला ओढली जाते. म्हणून ट्रॅक्टर आणि रस्त्याची कड यांच्यामध्ये सायकल कधीही घालू नये. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या डावीकडे तर मुळीच नाही. त्याला पुढे जाऊ द्यावे. चढावर ट्रॉली पकडून सायकल ओढून घेण्याचा खेळ मुले करतात, तो जिवावर बेतणारा आहे. आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी शेवटच्या ट्रॉलीला चमकणारी लाल पट्टी आणि चालू दिवा आहे ना, हे हंगामाच्या पहिल्या दिवशी पाहावे. अंधारात उभी असलेली ट्रॉली ही रस्त्यातली भिंत असते.

आपल्याच घरातली मोटारसायकल

महामार्गावरच्या ट्रकला नावे ठेवणे सोपे आहे. पण मोहल्ल्याच्या बोळात, शाळेच्या फाटकासमोर, मशिदीच्या रस्त्यावर चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्या मुलींना सगळ्यात जास्त भीती कोणाची असते? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या मोटारसायकलींची. एकावर तिघे, सायलेन्सर बदललेला, हातात मोबाईल. ही मुले परगावची नसतात. ती आपलीच मुले, भाचे, पुतणे असतात. गाडीची चावीही आपल्याच घरातली असते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर आता पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना नाही, अशी शिक्षा आहे. मुलाच्या हातात चावी देताना अब्बांनी हे एकदा आठवावे. त्याहूनही आधी आठवावे की समोरून येणारी सायकल कुणाच्या तरी मुलीची आहे.

ही मुले वाईट नसतात. घरात कुणीतरी त्यांना पाठवलेले असते. दूध आण, खालाला सोडून ये, इफ्तारासाठी बर्फ आण. रमजानमध्ये मगरिबच्या आधीची दहा मिनिटे आपल्या मोहल्ल्यांत फार धोक्याची असतात. संधिप्रकाश असतो, दिवसभराचा उपवास असतो, सगळ्यांनाच घरी पोचायचे असते आणि गाड्या सुसाट सुटतात. इफ्तार एक खजूर आणि पाण्यावरही होतो. उशीर झाला तर रस्त्याकडेला थांबून रोजा सोडता येतो. बर्फ अर्धा तास आधी आणावा, किंवा त्याशिवाय चालवावे.

मुलगा अठरा वर्षांचा झाला, परवाना मिळाला, की त्याला गाडीसोबत हेल्मेट द्यावे आणि एक गोष्ट सांगावी. वस्तीत आणि शाळेजवळ गाडी ताशी ३० च्या आत. जिथे चालणारे आणि वाहने एकाच रस्त्यावर असतात तिथे हीच मर्यादा असावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ३० च्या वेगाने धडक बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो. वेग वाढत गेला की ती आशा झपाट्याने कमी होते.

काट्याची फांदी

एका माणसाने वाटेतली काटेरी फांदी बाजूला केली आणि त्या कामावर अल्लाहने त्याची मगफिरत केली, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. आपल्या जिल्ह्यात ती जशीच्या तशी लागू पडते. पावसाळ्यानंतर वेडी बाभूळ साईडपट्टीवर इतकी वाढते की चालणाऱ्याला डांबरावर यावे लागते आणि सायकलचे ट्यूब रोज पंक्चर होते. मोहल्ल्यातल्या दहा तरुणांनी एका रविवारी सकाळी कोयते घेऊन गावापासून शाळेपर्यंतची बाभूळ मागे सारली, तर वर्षभराचा रस्ता मोकळा होतो. तोडलेले काटे रस्त्यावर राहू नयेत, ते दूर नेऊन टाकावेत.

काही कामे आपल्या हातची नसतात, ती मागून घ्यावी लागतात. खचलेली साईडपट्टी भरणे, शाळेसमोर गतिरोधक आणि त्यावर पांढरे पट्टे, बसथांब्याजवळ दिवा, नालीवरचे झाकण. इथे पहिला प्रश्न असतो की रस्ता कुणाचा. गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग क्रमांक ५२ केंद्राच्या अखत्यारीत येतो. तालुक्यांना जोडणारे रस्ते बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचे, गावरस्ते जिल्हा परिषदेचे किंवा ग्रामपंचायतीचे आणि शहरातले नगरपरिषदेचे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो वर्षभर फिरत राहतो. म्हणून ग्रामसभेत ठराव घ्यावा, शाळा व्यवस्थापन समितीचे पत्र जोडावे आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्यावी. अर्जात "रस्ता खराब आहे" एवढेच न लिहिता जागा, वेळ आणि किती मुले जातात ते लिहावे.

हे लिहिण्यासाठी वर्गातला एक उपक्रम उपयोगी पडतो. आम्ही मुलांना घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढायला सांगतो आणि जिथे भीती वाटते तिथे लाल ठिपका द्यायला लावतो. आपण मोठी माणसे जिथून गाडीवर रोज जातो आणि काही दिसत नाही, तिथे मुलांचे तीन-तीन ठिपके असतात. कुठे मोकाट कुत्री, कुठे रस्त्यावर उभे केलेले ट्रक, कुठे पुलाचा तुटका कठडा. असे पन्नास नकाशे जोडलेला अर्ज कोणालाही सहज बाजूला ठेवता येत नाही.

मागणी करताना संकोच नको. पादचाऱ्यांसाठी पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. रस्ते बांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मते पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे सहा फूट. आपल्या बाजारपेठेत ही सहा फूट कुठे आहे ते शोधताना काही आरसे आपल्यालाही पाहावे लागतील. दुकानाबाहेर मांडलेला माल, घरासमोर वाढवलेला ओटा, आणि जुमाच्या दिवशी मशिदीसमोर रस्ता अडवून लावलेल्या मोटारसायकली. नमाजला आलेल्यांच्या गाड्यांमुळे शाळेतून परतणाऱ्या मुलीला भर रस्त्यातून जावे लागत असेल, तर रस्त्याचा हक आपण अदा केला असे कसे म्हणायचे? मशिदीच्या कमिटीने जुमाला दोन तरुणांना गाड्या एका ओळीत लावून घेण्याचे काम द्यावे. खुत्ब्याआधीच्या बयानात वर्षातून दोनदा रस्त्याच्या हकाचा विषय घ्यावा.

नुसता मार्ग बांधून सगळे होत नाही, हे पुण्याने दाखवले. एके काळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या त्या शहरात सातारा रस्ता, नगर रस्ता अशा ठिकाणी सायकल मार्ग बांधले गेले. पण ते तुटक राहिले, आणि त्यांवर दुचाकी धावू लागल्या, गाड्या उभ्या राहू लागल्या. उलट, लोकांनी मनावर घेतले की काय होते हे नेदरलँड्समध्ये दिसते. आज सायकलींसाठी जगात नाव असलेल्या त्या देशात १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली होती, त्यांत चारशेहून जास्त मुले होती. आई-वडील रस्त्यावर उतरले, मुलांचे मरण थांबवा म्हणू लागले, आणि वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यावर तिथले रस्ते बदलले.

अपघात झालाच तर

रस्त्यात जखमी दिसला तर थांबावे. पोलिसांच्या चौकशीची भीती आता बाळगायचे कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर खटला होत नाही आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक मुलांना पाढ्यांसारखे पाठ असावेत. धडक देऊन गाडी पळून गेली आणि तिचा पत्ता लागला नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळू शकतात. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी आणि अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात करायचा असतो. ही माहिती नसल्यामुळे गरीब घरे हक्काच्या मदतीला मुकतात.

या आठवड्यात

वाचक बंधू-भगिनींनो, सगळे एकदम होणार नाही. या आठवड्यात प्रत्येक घराने चार कामे करावीत. दादा-दादींच्या काठीला किंवा पिशवीला चमकणारी पट्टी लावावी. मुलीच्या सायकलचे ब्रेक, घंटी आणि चेनचे झाकण तपासावे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गाडीची चावी परत घ्यावी. आणि मुलांना सोबत घेऊन, उजव्या कडेने, एकदा शाळेपर्यंत पायी जाऊन यावे. त्या एका फेरीत रस्त्याबद्दल जे कळेल ते कोणत्याही लेखातून कळणार नाही. घरी आल्यावर कुठे भीती वाटली ते मुलांना विचारून कागदावर लिहून ठेवावे. ग्रामसभेच्या अर्जाला तिथूनच सुरुवात होते. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. पुढची सभा फार लांब नसेल.

अल्लाह तआला आपल्या मुलांना रोज सुखरूप घरी आणो आणि आपल्याला रस्त्याचा हक ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.